विठ्ठल पालवणकर : हुन्नर मान्य, हुकूम अमान्य

मीरा रोड आणि भाईंदरच्या फलाटांवर सुटीच्या दिवशी पहाटेच क्रिकेटचे अवजड पिशवे खांद्यावर घेतलेली मुले दिसतात. खाडी, मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या शेजारी उभे राहिलेले हे शहर बाहेरून आलेल्यांचे आहे. कोकणातून, घाटावरून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची ही मुले चर्चगेटकडे निघतात. चर्नी रोड मागे पडल्यावर गाडीच्या समुद्राकडील बाजूस जिमखान्यांची मैदाने लागतात. हिंदू, इस्लाम, पारशी ही त्यांची नावे वाचत ही मुले मैदानाकडे जातात. पण ती नावे कोणत्या काळाची साक्ष आहेत, हे त्यांना क्वचितच कोणी सांगत असेल. धर्मवार विभागलेल्या त्या क्रिकेटमध्ये एका फलंदाजाला बॅट मिळाली, धावा मिळाल्या, टाळ्याही मिळाल्या. मात्र संघाला आज्ञा देण्याचा अधिकार मिळण्यासाठी त्याला फार थांबावे लागले. त्या फलंदाजाचे नाव विठ्ठल पालवणकर. धावफलकावर ते पी. विठ्ठल असे लिहिले जाई.

पालवणकर हे कोकणातील चर्मकार घराणे. वडील लष्करात नोकरीस असल्याने मुलांचे बालपण छावणीच्या आश्रयाने गेले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चार भावांपैकी थोरले बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाडचा. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर या मुलांनी खेळाची पहिली अक्षरे गिरवली. बाळू प्रथम पारशी मंडळींच्या क्लबात महिना तीन रुपये पगारावर खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम करीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपये मिळू लागले. तेथे जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. कॅप्टन ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर तासनतास सराव करी.

मात्र त्या साऱ्या काळात क्लबातील कोणीही बाळूंच्या हाती बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम आणि बॅट चालवणे ही सरदारांची कला, अशी विभागणी त्या काळी मनांत पक्की होती. इंग्लंडातही गोलंदाजीचा मोठा भार पगारी खेळाडूंवर असे आणि फलंदाजीची शान हौशी सद्गृहस्थांकडे जाई. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघाचे नेतृत्व पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. बळींची रास मात्र बाळूंनी रचली. त्या दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले. मान महाराजांकडे आणि घाम बाळूंकडे, असा तो हिशेब होता. म्हणूनच या घरातील धाकट्या भावाने आपली ओळख फलंदाज म्हणून निर्माण केली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. थोरल्याला जाळ्यात जे नाकारले गेले, तेच धाकट्याने भर मैदानात मिळवले.

ही वाट मोकळी होण्यास मधली अनेक वर्षे लागली होती. पुण्याच्या हिंदू मंडळींनी युरोपियनांना हरवण्यासाठी बाळूंना संघात घेतले खरे. पण चहापानाच्या वेळी इतरांचा चहा मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून दिला जाई आणि बाळूंचा बाहेर, मातीच्या भांड्यातून. मैदानावर ज्याच्या हातातला चेंडू झेलायचा, त्याच्या हाताचा स्पर्श मंडपात वर्ज्य! ज्याच्यासह खेळता, त्याच्यासह खाण्यापिण्यात संकोच कशाला, असा सवाल न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी केला. बाळू पुढे मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू आणि शिवराम हे दोघेही त्या संघात होते. जिमखान्यातील सहभोजनाची दखल तेव्हाच्या सुधारकी पत्रांनी आवर्जून घेतली. विजयाची गरज आणि सुधारणेची हवा या दोहोंनी मिळून पंगतीचा अडसर दूर केला होता.

पंगत झाली, तरी पद दूरच राहिले. 1907 साली सुरू झालेले तिरंगी सामने 1912 पासून मुसलमान संघाच्या प्रवेशाने चौरंगी झाले. मुंबई-पुण्याच्या लोकांना या सामन्यांचे वेड होते. त्यांत हिंदू संघाचा आधारस्तंभ असलेल्या बाळूंना कर्णधार करावे, अशी मागणी वारंवार होई आणि वारंवार डावलली जाई. 1913 साली कर्णधारपद एम. डी. पै यांना मिळाले. आपल्या सत्काराच्या वेळी खुद्द पै यांनीच हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. ही कबुली त्यांच्या उमदेपणाची खूण खरी. पण ती संघ निवडणाऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचूनही हृदयापर्यंत पोहोचली नाही.

विठ्ठल यांची फलंदाजी याच वर्षांत बहरली. शिवराम यांच्याप्रमाणे तेही हिंदू संघाचे हुकमी फलंदाज ठरले. त्यांच्या संघातील जागेविषयी कोणाला शंका नव्हती. धाव ही निर्विवाद गोष्ट आहे. चेंडू सीमेपलीकडे गेला की तो कोणाच्या बॅटवरून गेला, हे फलक विचारीत नाही. कर्णधाराची निवड मात्र बंद दाराआड होते, आणि फलकावर न दिसणाऱ्या गोष्टी तेथे मोजल्या जातात.

1920 साली ही कोंडी फुटली. पहिल्या सामन्याच्या वेळी पै उपलब्ध नव्हते. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. अशा वेळी कर्णधारपद ज्येष्ठतेने आणि कामगिरीने विठ्ठल अथवा शिवराम यांच्याकडे यावयास हवे होते. ते देण्यात आले त्यांच्याहून नवख्या दि. ब. देवधरांना. यात देवधरांकडे दोष जात नाही. पुढे महाराष्ट्राला लागोपाठ रणजी करंडक मिळवून देणारा हा थोर खेळाडू होता. दोष होता तो निवडीमागील विचारात. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्या निर्णयाची कारणे वृत्तपत्रांतून लोकांपुढे ठेवली. जातीमुळे आपला हक्क नाकारला जातो, हा त्यांच्या निवेदनाचा मथितार्थ होता.

या कृतीचे मोल नीट ओळखले पाहिजे. संघातील जागा हेच ज्यांचे समाजातील भांडवल, त्यांनी ते स्वेच्छेने पणाला लावले होते. त्यांना परत बोलावले गेले नसते, तर इतिहासाने त्यांची नोंद रुसलेले खेळाडू एवढीच केली असती. परंतु लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि दोघे भाऊ पुन्हा खेळले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सामना अनिर्णित राहून विजेतेपद विभागले गेले. निम्मा करंडक आणि निम्मा न्याय, असा तो निकाल होता.

पुढील दोन वर्षेही कर्णधारपद इतरांकडेच राहिले. अखेर 1923 साली विठ्ठल यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी निवड झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला होता आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचे तत्त्व कागदावर आले होते. काळाची दिशा बदलत होती. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ त्या वर्षी विजयी झाला, आणि ज्यांच्या घरच्या माजघरात या कर्णधाराला पाऊल टाकता आले नसते, अशांनीही त्याला खांद्यावर उचलून घेतले. 1925 आणि 1926 सालीही विजेतेपद हिंदू संघाकडेच आले. चार वर्षांत तीन विजय! देवधर, सी. के. नायडू, नवले यांच्यासारखे खेळाडू हिंदू क्रिकेटमध्ये तळपत होते, तो हा काळ. ज्याच्या हुकमाखाली खेळणे अशक्य मानले गेले, त्याच्याच हुकमाखाली संघाने सर्वाधिक यश पाहिले.

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नव्हे. इंग्लंडने आपल्या कसोटी संघाचे नेतृत्व विसाव्या शतकात प्रथमच एका व्यावसायिक खेळाडूला, लेन हटनला, दिले ते 1952 साली. वेस्ट इंडिजच्या संघात कृष्णवर्णीय फलंदाजांनी आणि गोलंदाजांनी पराक्रम गाजवावा आणि कर्णधार गोरा असावा, हा प्रघात दीर्घकाळ चालला. हेडलीसारख्या असामान्य फलंदाजाला 1948 साली एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले. पूर्ण दौऱ्यासाठी हा मान फ्रँक वॉरेलला मिळाला तो 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. आणि तो दौरा क्रिकेटच्या इतिहासातील अत्यंत चुरशीचा व खेळकर ठरला. समाज खालच्या मानलेल्या माणसाचे हुन्नर आधी स्वीकारतो, कारण त्यात समाजाचा लाभ असतो. त्याचा हुकूम मात्र सर्वांत शेवटी स्वीकारतो, कारण त्यासाठी स्वतःला वाकावे लागते. या नियमाला विठ्ठल यांनी वॉरेलपूर्वी सदतीस वर्षे मुंबईत छेद दिला.

तरीही या यशाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. विठ्ठल ज्या संघाचे कर्णधार होते, तो धर्माच्या नावाने उभा होता. आणि त्याच धर्माची मंदिरे त्यांच्या समाजाला बंद होती. चौरंगीतील विजयाने गावचा पाणवठा खुला झाला नाही. बोले यांच्या ठरावानंतर चार वर्षांनी, 1927 च्या मार्चमध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह जावे लागले, ते याचमुळे. पालवणकर बंधूंचा मार्ग आणि आंबेडकरांचा मार्ग पुढे वेगळे झाले. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले आणि बाळू पराभूत झाले. प्रस्थापित चौकटीत गुणवत्तेच्या बळावर स्थान मिळवणारा आणि ती चौकटच बदलू पाहणारा यांच्यातील तो सामना होता. मतदारांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. परंतु पहिल्याच्या वाट्याला आलेली झुंज खोटी होती, असा त्याचा अर्थ होत नाही.

भारताने 1932 साली पहिली कसोटी खेळली, तेव्हा विठ्ठल यांचा बहर सरला होता. कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव नाही. बाळू 1955 साली आणि विठ्ठल 1971 साली निवर्तले. सुदैवाने विठ्ठल यांनी माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र 1948 साली मराठीतून प्रसिद्ध केले होते. एका चर्मकार कुटुंबातील फलंदाजाने स्वतःची कहाणी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अधिकाराने सांगावी, हीही एक प्रकारची कप्तानीच होय.

आज क्रिकेटमध्ये पैसा आहे, प्रसिद्धी आहे आणि धर्मवार संघ 1946 सालीच संपुष्टात आले आहेत. परंतु दारे बंद करण्याचे मार्ग अनेक असतात. शिकवणी वर्गांची फी, महागडे साहित्य, मैदानाचे अंतर, ओळखीपाळखी यांचे कुंपण उघड दिसत नाही, इतकेच. मीरा-भाईंदरसारख्या वाढत्या शहरात इमारतींच्या दाटीत खेळाचे मैदान राखणे ही म्हणूनच केवळ करमणुकीची बाब राहत नाही. कोणाच्या मुलाला संधी मिळेल, याचा निर्णय तेथेच होतो. त्या मैदानांवर जाळ्यात तासनतास चेंडू टाकणारे एखादे पोर असेल, तर त्याच्या प्रशिक्षकांनी आणि संघ निवडणाऱ्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या मुलाच्या हाती आपण बॅट केव्हा देणार, आणि संघाची सूत्रे त्याच्या हाती सोपवण्याची वेळ आली, तर आपण कोणती सबब पुढे करणार? यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला पूना क्लब कधीच तयार झाला नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्यास मुंबईने 1923 साल उजाडू दिले. एवढा विलंब पुन्हा होऊ नये, हीच विठ्ठल पालवणकरांना खरी आदरांजली ठरेल.