इंजिनाची ठकठक आणि थॉमस मिजली

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे मराठी लिहिताना मध्ये मध्ये इंग्रजी डोकावणारच, सांभाळून घ्या. 'नॉकिंग'ला मराठीत काय म्हणतात हे मी डिपार्टमेंटमधल्या दोन सरांना विचारलं. एकांनी सांगितलं नॉकिंग आणि दुसऱ्यांनी सांगितलं नॉकिंगच! तेव्हा आपण आपलं ठकठक म्हणू. घाटात टॉप गिअरमध्ये बाईक दामटली की इंजिनातून खडे वाजल्यासारखा जो आवाज येतो, तीच ही ठकठक. स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि प्रेशरच्या लाटा भिंतीवर आपटतात. हे फार वेळ चाललं की पिस्टनला भोक पडायचीही वेळ येते.

या ठकठकीपायी ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. आय.सी. इंजिन्सच्या पुस्तकात तो जेमतेम एका ओळीत येतो. इंटरनेटवर मात्र त्याचं नाव 'जगाचं सर्वात जास्त नुकसान करणारा संशोधक' म्हणून फिरत असतं. दोन्ही वाचल्यावर मला वाटलं, या मधला माणूस कुठे आहे?

थॉमस मिजलीचा जन्म 18 मे 1889 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वाढला ओहायोमधल्या कोलंबसला. वडील टायरच्या धंद्यातले आणि स्वतः संशोधक. 1911 साली त्याने कॉर्नेल युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. मेकॅनिकल, केमिकल नव्हे, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. (आपल्या इथे ब्रँच बदलायला पहिल्या वर्षाचे मार्क बघतात!) सुरुवातीला थोडे दिवस कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत, मग वडिलांबरोबर टायर, आणि 1916 मध्ये डेटन गावात चार्ल्स केटरिंगच्या लॅबमध्ये. केटरिंग म्हणजे गाडीला सेल्फ स्टार्टर देणारा माणूस. 1912 च्या कॅडिलॅकला तो बसला आणि हँडल मारण्यातून लोकांची सुटका झाली.

पण केटरिंगच्या मागे एक कटकट लागली होती. इंजिन ठकठक करायला लागलं की लोक त्याच्या बॅटरी इग्निशनला नावं ठेवत. त्याने हे काम नव्या पोराच्या गळ्यात टाकलं. मिजलीने सिलिंडरमधलं प्रेशर मोजायची सोय केली आणि दाखवून दिलं की ठकठक स्पार्क पडल्यानंतर होते. म्हणजे दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे.

पुढचा किस्सा भन्नाट आहे. बर्फातसुद्धा लवकर फुलणारं एक रानझुडूप असतं, त्याच्या पानांची मागची बाजू लालसर. या दोघांनी तर्क लढवला की लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर इंधनच लाल करून पाहू, लवकर वाफ होईल. लॅबमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. ठकठक थांबली! मग बाकीचे लाल रंग आणून पाहिले, तर एकाचाही उपयोग नाही. म्हणजे थिअरी साफ चुकली आणि प्रयोग बरोबर आला. पण चिमूटभर पदार्थाने इंजिनाची वागणूक बदलते हे कळलं. आयोडीन महागही होतं आणि धातू खाणारंही, तेव्हा दुसरं काहीतरी शोधणं आलं. अ‍ॅनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास म्हणे अंगाला, कपड्यांना असा बसायचा की आंघोळ करूनही जात नसे.

आता आपल्या कामाची गोष्ट. या सगळ्या शोधात मिजलीला एक साधा, स्वच्छ आणि कोणालाही बनवता येईल असा उपाय सापडला होता, तो म्हणजे अल्कोहोल. आपलं इथेनॉल! 1920 साली त्याने पेट्रोल-अल्कोहोलच्या मिश्रणाच्या पेटंटसाठी अर्जही केला. ऑक्टोबर 1921 मध्ये ऑटोमोबाईल इंजिनिअरांच्या बैठकीसाठी तो डेटनहून इंडियानापोलिसला गेला, तेव्हा गाडीच्या टाकीत 30 टक्के अल्कोहोलचं मिश्रण होतं. गाडीने ठकठक केली नाही. त्या काळी गाड्यांचा कॉम्प्रेशन रेशो जेमतेम चारच्या आसपास असे. तो वाढवता आला तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त काम निघणार, हे सेकंड इयरचा पोरगासुद्धा ऑटो सायकलच्या फॉर्म्युल्यावरून सांगेल. आणि अल्कोहोलने तो वाढवता येत होता.

मग अडलं कुठे? इथे मी दोन्ही बाजू सांगणार आहे, कारण व्हिलन एकदा ठरला की लोक टेक्निकल गोष्टी सोडून देतात.

अल्कोहोलच्या अडचणी खऱ्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक आजही आहेत. आपल्या पंपावरच्या ई-20 वरून 2025 मध्ये जो गदारोळ झाला, तो याच अडचणींवरून. पहिली अडचण ऊर्जेची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के मिसळलं की लिटरमागे साधारण 7 टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्येच लिहिलं आहे की जुन्या, इथेनॉलसाठी डिझाइन न केलेल्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्के कमी होऊ शकतं. इंजिन मुळातच ई-20 साठी बनवलं, कॉम्प्रेशन आणि स्पार्कचं टायमिंग त्याप्रमाणे ठेवलं, तर यातलं बरंचसं भरून निघतं, कारण इथेनॉलचा ऑक्टेन नंबर शंभराच्या वर आहे. जुन्या गाडीला मात्र या ऑक्टेनचा काही फायदा नाही, तिचा पिस्टन आहे तेवढाच वर जाणार.

दुसरी अडचण हवेची. पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे ती आपलं आपण जुळवून घेते. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बाईकला हे कळत नाही, मिश्रण पातळ होतं, पिकअप जातो, सकाळी किक मारून पाय दुखतो. तिसरी अडचण रबराची. इथेनॉल काही जातींचं रबर फुगवतं, काहींना कडक करतं. पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंग, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई, सगळं यात आलं. शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सुटा करतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांना ई-20 चालेल असं मटेरियल वापरतात.

आणि चौथी, पाणी. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याशी हातमिळवणी करून तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. टाकीचा नळ तळाशी असतो, म्हणजे इंजिनाला आधी काय मिळणार ते समजून घ्या! ज्यांची बाईक आख्खा पावसाळा हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभी असते त्यांनी टाकी फुल्ल करून ठेवावी. आत हवा कमी राहते, तर वाफही कमीच शिरते. मिजलीच्या काळात तर साध्या डिस्टिलेशनने 95 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जाईना. पूर्ण कोरडं अल्कोहोल स्वस्तात, ढिगाने बनवणं तेव्हा अवघड होतं. आज साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मॉलिक्युलर सिव्ह हे काम करते. त्याच जोरावर 2003 मध्ये महाराष्ट्रासह 9 राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू होऊ शकलं आणि 2025 मध्ये देश 20 टक्क्यांपर्यंत पोचला.

म्हणजे अल्कोहोल नाकारायला कारणं होती. पण ती सगळी इंजिनिअरला सोडवता येण्यासारखी होती. न सुटणारी अडचण वेगळीच होती. अल्कोहोल कोणताही शेतकरी, कोणतीही डिस्टिलरी बनवू शकत होती. त्यावर कोणाची मक्तेदारी चालत नव्हती. शिवाय टाकीचा एवढा मोठा वाटा अल्कोहोलने भरायचा म्हणजे तेवढं पेट्रोल कमी विकायचं.

9 डिसेंबर 1921 ला, म्हणजे त्या इंडियानापोलिसच्या फेरीनंतर दोनेक महिन्यांनी, मिजलीच्या टीमने इंजिनात टेट्राएथिल लेड घालून पाहिलं. गॅलनला सुमारे 3 घन सेंटीमीटर, म्हणजे लिटरला एक मिलीसुद्धा नाही, आणि ठकठक गायब! हा पदार्थ 1850 च्या दशकात जर्मनीत सापडलेला, आणि विषारी म्हणून माहीत असलेला. पण पेट्रोलमध्ये वापरण्याचं पेटंट घेता येत होतं. 2 फेब्रुवारी 1923 ला डेटनच्या पंपावर विक्री सुरू झाली. 1924 मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून कंपनी काढली. मालाचं नाव ठेवलं 'एथिल'. लेड हा शब्द नावातून गायब! मला तर हे नाव वाचून आधी एथिल अल्कोहोलच आठवलं.

शिसं काय करतं हे मिजलीला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. 1923 च्या सुरुवातीला तो स्वतःच आजारी पडला, व्याख्यानं रद्द केली आणि मोकळ्या हवेसाठी फ्लोरिडाला गेला. पुढच्या वर्षी कामगार मरायला लागले. डीपवॉटरच्या कारखान्यात कामगारांना हवेत नसलेली फुलपाखरं दिसायची, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचं घर असंच नाव पडलं होतं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत पाच जण भ्रमिष्ट होऊन मेले आणि तीसहून जास्त हॉस्पिटलमध्ये गेले. 30 ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर उभा राहिला. त्याने ते द्रव्य हातावर ओतून हात धुतले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि यात धोका नाही असं सांगितलं.

हा प्रसंग मी तीन-चार ठिकाणी वाचला आणि दर वेळी तिथेच थांबले. ज्याला नुकतीच शिशाची बाधा होऊन गेली आहे तो माणूस हे करतो! त्याला माहीत नव्हतं असं कुणीही म्हणू शकत नाही. आणि याच सुमारास, ठकठकीवर दुसरा उपायच नाही, असंही तो जाहीरपणे मांडत राहिला. तीन वर्षांपूर्वी 30 टक्के अल्कोहोलवर गाडी नेणारा तोच! अल्कोहोल महाग पडतं असं म्हणाला असता तर वाद घालता आला असता. पण उपायच नाही म्हटल्यावर वाद संपतो. टीव्हीवर एखाद्या कंपनीचा इंजिनिअर खात्रीने बोलताना दिसला की आता मला आधी ती बाटली आठवते. उद्या आपल्यातलाच कोणीतरी प्लेसमेंट होऊन त्या जागी उभा असणार आहे, म्हणून जास्तच.

1925 मध्ये विक्री थांबवावी लागली. मे महिन्यात वॉशिंग्टनला मोठी परिषद झाली. कारखान्यांतल्या विषांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. सरकारी कमिटी बसली. तिने 1926 मध्ये सांगितलं की बंदी घालायला पुरेसं कारण दिसत नाही, मात्र पुढेही अभ्यास चालू ठेवावा. विक्री परत चालू झाली. तो अभ्यास राहूनच गेला.

बाकी शिशामुळे इंजिनालाही त्रास होताच. जळल्यावर त्याचा थर स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसे. तो धुरावाटे बाहेर जावा म्हणून ब्रोमीनचं संयुग घालावं लागलं, आणि एवढं ब्रोमीन आणायचं कुठून, तर समुद्राच्या पाण्यातून काढायच्या खटपटीतही मिजली होता. म्हणजे इंजिन साफ राहिलं आणि शिसं सगळं रस्त्यावर आलं.

त्याचं दुसरं मोठं काम फ्रिजचं. तेव्हाच्या फ्रिजमधले गॅस विषारी, म्हणून त्याने सहकाऱ्यांबरोबर फ्रिऑन शोधला आणि 1930 मध्ये केमिस्टांच्या सभेत तो गॅस छातीत भरून फुंकरीने मेणबत्ती विझवली. त्याला असे प्रयोग आवडत असावेत! या वेळी मात्र त्याने फसवलं नाही. ओझोनचं गणित 1974 पर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. शिशाची आणि फ्रिऑनची गोष्ट लोक एकाच पारड्यात टाकतात, ते मला पटत नाही.

1937 मध्ये पर्किन मेडल, 1941 मध्ये प्रीस्टली मेडल, शंभरावर पेटंट्स. 1940 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. पठ्ठ्याने पलंगावरून उठायला दोऱ्या आणि पुलींची यंत्रणा स्वतःच बनवली. 2 नोव्हेंबर 1944 ला तिच्याच दोरीने गळा आवळलेल्या अवस्थेत तो सापडला. त्या वर्षी तो केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. बऱ्याच पुस्तकांत हा अपघात म्हणून सांगितला जातो, सरकारी नोंदीत मात्र आत्महत्या आहे.

पुढे क्लेअर पॅटरसन नावाचा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढत होता. त्यासाठी त्याला दगडातलं शिसं मोजायचं होतं, आणि लॅबमध्ये जिकडेतिकडे शिसंच सापडून आकडे बिघडायला लागले. 1965 मध्ये त्याने लिहिलं की हे शिसं माणसाने पसरवलेलं आहे. 1975 पासून अमेरिकेत गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिशामुळे ते निकामी होत, त्यामुळे बिनशिशाचं पेट्रोल आलंच. भारतात चार महानगरांत ते 1995 मध्ये आलं, देशभर 2000 मध्ये. जगात सगळ्यात शेवटी, 2021 च्या जुलैमध्ये, अल्जीरियाच्या पंपांवर शिशाचं पेट्रोल बंद झालं. आणि अमेरिकेत आज जे पेट्रोल विकलं जातं, त्यातल्या जवळपास सगळ्यात ठकठक होऊ नये म्हणून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल घातलेलं असतं.