चार पानांचे ऋण

आमचे घराणे मूळचे डिचोली तालुक्यातील लाटंबार्से गावचे. पणजोबा नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आले आणि येथलेच झाले. तरी वर्षा-दोन वर्षांनी गावी जाऊन देवाला नारळ ठेवण्याचा नेम आम्ही अजून पाळतो. यंदा चैत्रात गेलो तेव्हा काजूचा हंगाम ऐन भरात होता. बोंडे तुडवण्याच्या जागेभोवती चिलटांचे थवेच्या थवे उठत होते. बरोबर पुतण्याचा मुलगा होता. त्याने विचारले, आजोबा, ही सगळी चिलटे एकाच जातीची की निरनिराळ्या? मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवले. पण नुसते पाहून ह्याचे उत्तर मलाही देता येईना. त्या प्रश्नाने मला एका थोर गोमंतकीयाची आठवण झाली, आणि तिच्या मागोमाग माझी स्वतःची एक जुनी चूकही आठवली.

ते गोमंतकीय म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील धर्मानंद हे सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने त्यांनी घर सोडले, पाली भाषा आत्मसात केली आणि पुढे मोठे पंडित म्हणून नाव मिळवले. आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊन ग्रंथलेखनास मोकळे केले होते, ही गोष्ट बडोदेकरांनी विसरू नये.

दामोदरपंतांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. १९१८ साली ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी उच्च सन्मानाने घेऊन परतले. बनारस आणि अलीगढ येथे काही काळ शिकवून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची प्राध्यापकी पत्करली. १९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. परंतु बिऱ्हाड पुण्यासच ठेवून ‘डेक्कन क्वीन’ने जा-ये करीत राहिले.

व्यवसायाने ते गणिती. पण जुनी चांदीची नाणी हजारांनी तोलून त्यांनी त्यांचा काळक्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५६ साली भारतीय इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि अभ्यासकांची दृष्टीच पालटली. असा माणूस पाहिला की लोकांच्या ओठांवर एक म्हण येते : एक ना धड, भाराभर चिंध्या. तशी संधीही त्यांनी दिली. रीमान ह्या जर्मन गणितज्ञाच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाचा उलगडा झाल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांना मान्य झाला नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे वाढली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे देहावसान झाले.

आता माझे अज्ञान सांगतो. आनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत कोसंबी ह्या नावाचे एक सूत्र असते. ते कोसंबी आणि इतिहासाचे कोसंबी ही दोन माणसे आहेत, असे मी कित्येक वर्षे समजत होतो!

ते सूत्र काय आहे? पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या ड्रोसोफिला नावाच्या चिलटावर अमेरिकेत मॉर्गन आणि त्यांच्या शिष्यांनी मोठे काम केले. गुणसूत्र ही जणू मण्यांची माळ, आणि जनुके हे तिचे मणी. आईच्या अंड्यात उतरण्यापूर्वी जोडीतील दोन माळा काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकींचे तुकडे घेऊन पुन्हा जुळतात. जवळचे मणी बहुधा एकत्र राहतात, दूरचे मणी ताटातूट पावतात. तेव्हा संततीत किती वेळा ताटातूट झाली हे मोजले, की मण्यांमधले अंतर काढता येते. मॉर्गन यांचे शिष्य स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये असा पहिला नकाशा आखला.

अडचण एवढीच, की दोन मण्यांच्या मध्ये माळ दोनदा तुटली तर ते पुन्हा एकत्र येतात आणि मोजणीत काहीच दिसत नाही. १९१९ मध्ये हाल्डेन यांनी ह्यावर सूत्र दिले. पण त्यात प्रत्येक तुटणे स्वतंत्र मानले होते. प्रत्यक्षात चिलटांत एके ठिकाणी माळ तुटली की तिच्या शेजारी पुन्हा तुटण्यास अडथळा होतो. हा अडथळा जवळ जास्त असतो आणि अंतराबरोबर ओसरत जातो, हे लक्षात घेऊन कोसंबींनी नवे सूत्र बसवले. १९४४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला तो निबंध अवघ्या चार पानांचा आहे. शंभर पिलांत तीस वेळा ताटातूट दिसली, तर हाल्डेन यांच्या हिशेबाने अंतर सुमारे ४६ भरते, कोसंबींच्या हिशेबाने सुमारे ३५. फरक लहान नाही!

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. एका जातीच्या दोन केव्हा होतात? दोघांचा संकर जेव्हा नांदेनासा होतो, तेव्हा. हाल्डेन यांनीच १९२२ मध्ये दाखवले, की अशा संकरात एकच लिंग वांझ वा नाहीसे होत असेल, तर ते बहुधा विजोड लिंगगुणसूत्रांचे असते. चिलटांत नर, फुलपाखरांत मादी. १९३६ मध्ये डोब्झान्स्की यांनी दिसायला अगदी सारख्या अशा दोन चिलटांचा संकर केला. मुलगे वांझ निघाले, मुली सुपीक. त्या मुलींची संतती तपासून वांझपणाची जनुके कोणत्या गुणसूत्रांवर आहेत, ते त्यांनी शोधून काढले. जातींमधली भिंत कोठे उभी आहे हे नकाशावर असे दाखवता येते. आणि नकाशाला नेमके माप हवे. ते माप म्हणून भातापासून डासापर्यंत आजही कोसंबींचे सूत्र वापरले जाते.

हा पंडितांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशातील हिवतापाचा एक प्रमुख डास एकाच जातीचा मानला जाई. १९८० मध्ये गुणसूत्रांवरील उलटलेले तुकडे पाहून त्यात दोन जाती असल्याचे उघडकीस आले. पुढे आणखी निघाल्या. पहिल्या दोहोंपैकी एक हिवताप चांगलाच पसरवते, दुसरी फारसा नाही. कोणत्या डासावर औषध फवारायचे, हे त्यावर ठरते.

आणि माझी चूक? सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायचे होते. मी त्याला तीच म्हण ऐकवली. त्याने जीवशास्त्र सोडले. तो आज सुखात आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. पण त्या नमस्काराने मला दर वेळी ओशाळल्यासारखे होते. ज्याने आयुष्यात चिलटे पाळली नसतील अशा गणिताच्या प्राध्यापकाचे चार पानांचे काम जगभर चालते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

लाटंबार्स्याहून निघताना मी मुलाला बाटलीत केळ्याचा तुकडा घालून तोंडाला कापसाचा बोळा लावायला शिकवले. डोळ्यांचा रंग, पंखांची ठेवण पाहून वहीत आकडे मांड, असे सांगितले. हा गणिताचा अभ्यास की शास्त्राचा, असे त्याने विचारले. दोन्हींचा, एवढेच मी म्हणालो.