आवाजाला दिशा देणारा ब्लुमलाइन

१९३१ च्या सुमारास लंडनमधला एक तरुण इंजिनिअर भावी पत्नीसोबत बोलपट पाहायला गेला. नट पडद्याच्या एका टोकाला, आवाज मात्र भलतीकडूनच! बाकीच्यांनी ते चालवून घेतले होते. ॲलन ब्लुमलाइनला खटकले.

उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने, जरा क्षीण ऐकू येतो. एवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. हा आभास दोन स्पीकरांतून निर्माण करण्याची पद्धत त्याने शोधली आणि १४ डिसेंबर १९३१ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. तबकडीची खाच एकच, पण तिच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज, ही त्यातली युक्ती तर अफलातूनच. १९३५ मध्ये त्याने हेज स्थानकातल्या आगगाड्यांचा स्टिरिओ आवाजासह चित्रपटही घेतला.

पुढे ईएमआय कंपनीत तो दूरचित्रवाणीच्या आणि युद्धकाळात रडारच्या कामात गुंतला. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी घेणारे हॅलिफॅक्स विमान कोसळले. त्यातले अकराही जण गेले, त्यांत ३८ वर्षांचा ब्लुमलाइन होता. काम गुप्त, म्हणून मृत्यूची बातमीही दाबली गेली. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात रुळल्या त्या १९५८ नंतर.

आज वायरलेस होम थिएटर बसवताना मायक्रोफोनने प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजले जाते. जवळच्या स्पीकरचा आवाज यंत्रणा मुद्दाम किंचित उशिरा सोडते, म्हणजे सगळे आवाज सोफ्यावर एकाच वेळी पोहोचतात.