मार्टिन ल्यूथर किंग

थोर पुरुष जन्मतःच थोर असतात अशी आपली समजूत असते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत ती खरी नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

अमेरिकेतील अटलांटा शहरी १५ जानेवारी १९२९ रोजी ते जन्मले. वडील धर्मोपदेशक, घरी कशाची ददात नव्हती, पण कातडीचा रंग काळा होता. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचा मुलगा त्यांचा खेळगडी. शाळेचे वय होताच दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या आणि त्या मुलाला मार्टिनबरोबर खेळण्याची बंदी झाली. का, हे सहा वर्षांच्या लेकराला समजावण्याची पाळी आईवर आली. पालकहो, त्या माउलीच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहा.

मुलगा हुशार निघाला. पंधराव्या वर्षी कॉलेजात गेला, १९५५ साली बोस्टन विद्यापीठाचा डॉक्टर झाला. शिकत असतानाच एक व्याख्यान ऐकून त्यांनी गांधीजींवरील पुस्तके विकत घेतली. परंतु वाचणे वेगळे, आचरणे वेगळे!

१ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली. काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि सव्वीस वर्षांचे किंग पुढारी झाले. मोलकरणी, मजूर ३८१ दिवस पायी किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर गेले.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बाँब पडला. पत्नी व तान्ही मुलगी बचावल्या. संतापलेला जमाव, काहींच्या हाती शस्त्रे! किंग यांनी मोडक्या ओसरीत उभे राहून सर्वांना शांतपणे घरी पाठविले. मात्र त्यानंतर त्यांनी स्वतः पिस्तुलाचा परवाना मागितला होता, हेही सांगितले पाहिजे. तो मिळाला नाही. घरात शस्त्रे होतीच. बायर्ड रस्टिन यांच्यासारख्या गांधीमार्गी सहकाऱ्यांच्या सहवासात पुढे त्यांनी ती दूर केली.

न्यायालयाचा निकाल बाजूने लागला, तेव्हा लोकांची तालीम घेण्यात आली. बसमधल्यासारख्या खुर्च्या मांडायच्या, एकाने गोरा बनून शिव्या द्यायच्या, दुसऱ्याने हात न उचलता बसून राहायचे. आपण ज्याला सब्र म्हणतो, तो असा वर्गात बसवून शिकविता येतो, याचे मला शिक्षक म्हणून फार अप्रूप वाटते. २१ डिसेंबर १९५६ पासून सारे एकत्र बसू लागले.

१९५९ साली ते भारतात आले, मुंबईत मणिभवनात राहिले. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे व पाण्याचे झोत सोडले. तरीही मोर्चे थांबले नाहीत. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी किंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यास ते गेले असता ४ एप्रिल रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. वय अवघे ३९. चौथ्या दिवशी पत्नी कोरेटा यांनी त्याच शहरात मूक मोर्चा नेला आणि १६ एप्रिलला कामगारांच्या मागण्यांवर समझोता झाला.