प्रा. र. धों. कर्वे : एक कृतज्ञ स्मरण

चेन्नईत एग्मोर येथे १८४४ साली स्थापन झालेले सरकारी प्रसूति-रुग्णालय आहे. त्याच्या दारी काळजीने ताटकळणारे आप्त दिसले, की आम्हांस प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण होते.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. १८९१ साली मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. त्या काळी असे घरोघर घडे. एक मूल अंगावर पीत असताच दुसऱ्याची चाहूल लागे. अंगातले रक्त आटलेली माता खंगे, अपुऱ्या वजनाचे अर्भक दगावे. नको असलेला गर्भ चोरून पाडताना कित्येकी प्राणास मुकत. लोक यास दैव म्हणत. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथरावांना हे उत्तर पटले नाही.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र त्याच वर्षी निघाले. विल्सन कॉलेजच्या चालकांना हे कार्य रुचेना. १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली, कार्य सोडले नाही. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्यापायी अश्लीलतेचे खटले व दंड सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतलेल्या या दांपत्याचा संसार ओढगस्तीत चालला. पत्नी मालतीबाईंनी अखेरपर्यंत साथ दिली.

१९३० च्या सुमारास आपल्या या मद्रासेतही निओ-माल्थूझियन लीग कार्य करीत होती. लीगचा भर लोकसंख्या व दारिद्र्य यांवर होता. पेरियार मात्र स्त्रीच्या स्वातंत्र्यासाठी संततिनियमन मागत. मूल केव्हा व्हावे, व्हावे की नाही, हे स्त्रीने ठरवावे, या मताचे रघुनाथराव पेरियारांच्याच जवळचे.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले; मागोमाग मासिकही थांबले.

आज आमच्या लेकीसुना दोन मुलांत अंतर राखतात, सुखरूप बाळंत होतात. पण माहेर दूर असता या गोष्टी त्यांच्याशी बोलणार कोण? संकोच सोडून आम्हीच बोलले पाहिजे. रघुनाथरावांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.