सुवर्णमुख योहान

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नामांकित उपदेशक पुष्कळ होऊन गेले; परंतु ज्याच्या मुखास लोकांनी सोन्याची उपमा दिली आणि ती उपमाच ज्याचे नाव होऊन बसली, असे फार थोडे. अंत्युखियाचा योहान हा त्यांपैकी एक होय. त्याच्या मरणानंतर लोक त्यास क्रिसोस्तम, म्हणजे सुवर्णमुख, असे म्हणू लागले, आणि सोळाशे वर्षे लोटली तरी तो त्याच नावाने ओळखला जातो. हे नाव ऐकून कोणास वाटेल की, त्याचे सर्व सामर्थ्य गोड बोलण्यात होते. तसे नव्हते. गोड बोलणारे त्या काळी प्रत्येक शहरात होते. योहानाचा विशेष हा की, तो पवित्र शास्त्राचे एक पुस्तक हाती घेई, पहिल्या ओवीपासून आरंभ करी, आणि एकही ओवी न वगळता शेवटपर्यंत जाई.

त्याचा जन्म इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अंत्युखिया येथे झाला. ज्या नगरात शिष्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, तेच हे नगर. बाप सरकारी चाकरीत असे. पण मूल तान्हे असतानाच तो वारला. आई अंथुसा ही त्या वेळी अवघी वीस वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केले नाही. घरची मालमत्ता सांभाळून तिने मुलास उत्तम शिक्षण दिले. तो वक्तृत्व शिकला ते लिबानियस नावाच्या मूर्तिपूजक पंडिताजवळ, असे परंपरेने सांगतात. ह्या विद्येच्या बळावर त्यास न्यायसभेत धन व मान मिळाला असता. परंतु त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो मंडळीत शास्त्रवाचक झाला.

त्याच सुमारास तो दियोदोर नावाच्या गुरूजवळ शास्त्र शिकला. त्या काळी शास्त्राचा अर्थ करण्याच्या दोन रीती होत्या. आलेक्सांद्रिया येथील पुष्कळ गुरू प्रत्येक गोष्टीत गूढ अर्थ शोधीत. अंत्युखियाचे गुरू म्हणत की, प्रथम शब्दांचा सरळ अर्थ पाहावा. लिहिणारा कोण, ऐकणारे कोण, वेळ कोणती, प्रसंग कोणता, हे विचारावे. मग पुढे जावे. योहान ह्या दुसऱ्या रीतीत वाढला, आणि त्याने ती जन्मभर सोडली नाही.

तारुण्यात त्यास एकांतवासाची ओढ लागली. आईने विनविले की, मी जिवंत आहे तोवर मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस. म्हणून तो काही काळ घरी राहिला. पुढे तो डोंगरांत गेला. चार वर्षे एका वृद्ध साधूच्या हाताखाली आणि दोन वर्षे एका गुहेत एकटा राहिला. त्या दोन वर्षांत त्याने झोप जवळजवळ टाकली आणि शास्त्र पाठ केले. थंडीने व उपासाने त्याची प्रकृती अशी बिघडली की, ती पुन्हा कधी नीट सुधारली नाही. तो नगरास परत आला तो शरीराने दुर्बळ होऊन; पण शास्त्र त्याच्या अंतःकरणात साठलेले होते. इ. स. ३८१ मध्ये तो डीकन झाला आणि ३८६ मध्ये बिशप फ्लेवियन ह्याने त्यास पाळकाची दीक्षा देऊन उपदेशाचे काम सोपविले.

दुसऱ्याच वर्षी नगरावर मोठे संकट आले. नवा कर बसल्यामुळे लोक खवळले आणि त्यांनी बादशाह थियोदोसियस व त्याच्या घराण्यातील माणसे ह्यांचे पुतळे पाडून फरफटत नेले. हा राजद्रोह होता. काहींस देहान्त शिक्षा झाली, आणि सर्व नगराचा नाश होईल ह्या भीतीने लोक घरेदारे सोडून पळू लागले. वृद्ध बिशप दया मागण्यासाठी कॉन्स्टँटिनोपल येथे गेला, आणि मागे भयभीत लोकांस धीर देण्याचे काम योहानावर पडले. लेंतच्या त्या दिवसांत तो वारंवार व्यासपीठावर चढला. त्याने खोट्या आशा दाखविल्या नाहीत. त्याने शास्त्र उघडले, मरणाचे भय कशाने जाते ते सांगितले, आणि शपथा वाहणे व निंदा करणे सोडून द्यावे म्हणून रोज आग्रह केला. ईस्टरपर्यंत क्षमेची वार्ता आली.

अंत्युखियात त्याने सुमारे बारा वर्षे उपदेश केला. त्वरेने लिहिणारे लेखक त्याचे बोलणे उतरून घेत, म्हणून ते आपल्यापर्यंत आले आहे. उत्पत्तीवर ६७, मत्तयकृत शुभवर्तमानावर ९०, योहानकृत शुभवर्तमानावर ८८, रोमकरांस पत्रावर ३२ व करिंथकरांस पहिल्या पत्रावर ४४ उपदेश उपलब्ध आहेत. लोक कधी कधी मंदिरातच टाळ्या पिटीत. त्यावर तो रागावे. त्याचे म्हणणे असे की, टाळी वाजवून घरी जाणारा काही घेऊन जात नाही.

त्याची रीत कशी होती हे एका उदाहरणाने कळेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मनुष्याचा पुत्र न्यायासनावर बसून मेंढरे व शेरडे वेगळी करतो. आपण हा अध्याय पुष्कळदा वाचतो आणि भराभर पुढे जातो. योहान शब्दाशी थांबे. त्याने दाखविले की, प्रभू आजारी मनुष्याविषयी बोलताना त्यास बरे केले किंवा नाही हे विचारीत नाही. त्याच्या समाचारास गेलात काय, एवढेच विचारतो. बंदिवानास सोडविले काय, असे विचारीत नाही. त्याच्याकडे गेलात काय, एवढेच विचारतो. म्हणजे ज्याच्याजवळ औषध नाही, पैसा नाही, अधिकार नाही, त्याच्याही हातून होईल एवढेच प्रभूने मागितले आहे. आणि म्हणूनच त्या दिवशी कोणास सबब सांगता येणार नाही. हा अर्थ त्याने बाहेरून आणला नाही. तो त्या ओवीतच होता.

ह्याच अध्यायाच्या आधारे तो श्रीमंतांस स्पष्ट सांगे की, मंदिरात ख्रिस्तास रेशमी वस्त्रांनी सजवावे आणि दाराबाहेर तोच ख्रिस्त उघडा कुडकुडत असावा, हे त्यास आवडत नाही. वेदीवर सोन्याचा प्याला ठेवून तहानेल्यास पाण्याचा प्याला न देणे ह्याला तो भक्ती मानीत नसे. आणि हे नुसते बोलणे नव्हते. अंत्युखियाची मंडळी त्या काळी सुमारे ३,००० विधवांचे व कुमारिकांचे रोज पोषण करीत असे.

दुसरे उदाहरण रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायाचे. तेथे सलामांची व नावांची यादी आहे. पुष्कळ शिक्षक ती वगळतात, हे योहानास ठाऊक होते. त्यावर तो म्हणे की, सोन्याचे काम करणारे बारीक कणसुद्धा जपतात. आपल्याकडील झारेकरी सोनाराच्या दुकानातील केर धुऊन सोने काढतो. तसेच योहानाने त्या नावांतून धन काढले. त्याने दाखविले की, प्रिस्का व अक्विल्ला ही तंबू करणारी, हातांनी काम करून पोट भरणारी माणसे होती, तरी एवढा मोठा प्रेषित त्यांस सोबती म्हणवितो. आणि तेथे बायकोचे नाव आधी येते. यूनिया हिचे नाव येताच त्याने तिची मोठी स्तुती केली, कारण प्रेषितांमध्ये गणली जाण्याची योग्यता एका स्त्रीस मिळाली.

लोकांनी स्वतः शास्त्र वाचावे ह्याविषयी तो फार आग्रही असे. पुढील उपदेशाचा विषय तो पुष्कळ दिवस आधी जाहीर करी, ह्यासाठी की त्यांनी घरी पुस्तक काढून तो भाग वाचावा आणि तयार होऊन यावे. कोणी म्हणत, आम्ही साधू नाही, आम्हांस बायकामुले व धंदा आहे. तो उत्तर देई की, म्हणूनच तुम्हांस अधिक गरज आहे. जो रणात रोज जखमा खातो त्यास वैद्य अधिक लागतो. कोणी म्हणत, आम्ही गरीब, पुस्तके कोठून आणावी? त्या काळी पुस्तके हातांनी लिहिली जात आणि फार महाग असत. त्यावर तो कारागिरांकडे बोट दाखवी. कारागीर उपाशी राहील, कर्ज काढील, पण हातोडा व ऐरण विकणार नाही. कारण ती गेली तर धंदाच गेला. ज्याच्यापाशी खरोखर काहीच नाही, त्याने मंदिरात नित्य होणारे वाचन लक्ष देऊन ऐकावे. आणि कळत नाही म्हणून जे वाचनच सोडीत, त्यांस तो कूशी षंढाची आठवण देई. तो रथात बसून न कळणारे पुस्तक वाचीत होता, म्हणूनच देवाने फिलिप्पास त्याच्याकडे पाठविले.

ह्या थोर मनुष्याच्या चरित्रात एक काळा डागही आहे, तो झाकणे योग्य नव्हे. काही ख्रिस्ती लोक यहूद्यांचे सण पाळीत, म्हणून त्याने ३८६ व ३८७ मध्ये त्यांच्याविरुद्ध आठ उपदेश केले, आणि त्यांत यहूदी लोकांविषयी अत्यंत कठोर व अन्यायाचे शब्द वापरले. पुढे अनेक शतके यहूद्यांचा छळ करणाऱ्यांनी त्या शब्दांचा आधार घेतला. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात आपल्या जातभाईंसाठी पौल किती दुःख करतो हे जर योहानाने त्या दिवसांत ओवीमागून ओवी तोलून पाहिले असते, तर त्याची जीभ आवरली असती. शास्त्र जाणणारा मनुष्यही क्रोधाच्या भरात शास्त्राच्या बाहेर जातो, हे त्यावरून दिसते.

इ. स. ३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपाची जागा रिकामी झाली. दरबाराच्या लोकांनी योहानास गुपचूप अंत्युखियाबाहेर नेऊन राजधानीस पोहोचविले, आणि ३९८ मध्ये तो तेथील बिशप झाला. त्याने बिशपाच्या वाड्यातील डामडौल बंद केला, वाचलेल्या पैशातून रुग्णालये चालविली, आणि सुस्त पाळकांस कामास लाविले. गॉथ नावाचे परके लोक तेथे पुष्कळ होते. त्यांस त्याने एक मंदिर दिले, तेथे त्यांच्याच भाषेत शास्त्र वाचले जाई, आणि तो स्वतः जाऊन दुभाष्यामार्फत त्यांस उपदेश करी. प्रेषितांच्या कृत्यांवरील त्याचे ५५ उपदेश ह्याच नगरातील आहेत.

परंतु अंत्युखियात जो अर्थ सांगून त्यास स्तुती मिळाली, तोच अर्थ राजवाड्याजवळ सांगून त्यास शत्रू मिळाले. श्रीमंत दुखावले, काही बिशप दुखावले, आणि बादशाहाची राणी युदोक्सिया हिचा रोष झाला. आलेक्सांद्रियाचा बिशप थियोफिलस ह्याच्या पुढाकाराने ४०३ मध्ये खल्केदोनाजवळ सभा भरली व तिने योहानास पदावरून काढले. लोक खवळल्यामुळे त्यास थोड्याच दिवसांत परत बोलाविले. मग मंदिराजवळ राणीचा रुप्याचा पुतळा उभारला गेला. त्या वेळच्या गोंगाटाविरुद्ध तो बोलला, आणि जून ४०४ मध्ये त्यास कायमचे हद्दपार केले.

त्यास अर्मेनियाच्या सीमेवरील कुकुसस नावाच्या दूरच्या गावी ठेविले. तेथे व्यासपीठ नव्हते. म्हणून तो पत्रे लिही. अशी सुमारे २४० पत्रे राहिली आहेत. त्यांतील काही ओलिंपियास नावाच्या डीकनेस बाईस आहेत, आणि त्यांत स्वतः दुःखात असलेला मनुष्य दुसऱ्याचे सांत्वन करताना दिसतो. शत्रूंस एवढेही सहन झाले नाही. ४०७ मध्ये त्यास काळ्या समुद्राच्या पलीकडील किनाऱ्यावर नेण्याचा हुकूम झाला. शिपायांनी त्या आजारी मनुष्यास उन्हातान्हातून व पावसातून चालविले. पंत प्रांतात कोमानाजवळ तो खचला, आणि १४ सप्टेंबर ४०७ रोजी, सर्व गोष्टींबद्दल देवाचे गौरव करीत, त्याने प्राण सोडला. इ. स. ४३८ मध्ये त्याच्या अस्थी मोठ्या मानाने राजधानीस आणल्या, तेव्हा त्या राणीचा पुत्र, बादशाह दुसरा थियोदोसियस, ह्याने शवपेटीपुढे नम्र होऊन आईबापांच्या अपराधाची क्षमा मागितली.

त्याची रीत त्याच्याबरोबर मेली नाही. १ जानेवारी १५१९ रोजी झुरिक नगरात झ्विंग्ली ह्याने मत्तयाच्या पहिल्या ओवीपासून क्रमाने उपदेश आरंभिला, तेव्हा ह्याच प्राचीन उपदेशकाचा कित्ता त्याच्यापुढे होता. कॅल्व्हिन ह्यानेही सरळ अर्थ सांगणारा म्हणून त्यास मोठा मान दिला.

प्रिय बंधुभगिनींनो, खेड्यातील उपदेशकाजवळ ग्रंथसंग्रह नसतो, आणि मंडळीत पुष्कळांस वाचता येत नाही. तरी ह्या चरित्रातून आपणांस घेता येईल असे बरेच आहे. पुढील रविवारचा भाग आधी सांगून ठेवावा; ज्या घरी कोणी वाचणारा आहे तेथे शेजाऱ्यांनी जमून तो ऐकावा. प्रत्येक ओवीपाशी थांबून विचारावे की, हे कोण बोलतो, कोणास, केव्हा व का. अवघड ओवी किंवा नावांची यादी आली म्हणून पळून जाऊ नये. आणि जी ओवी आपल्याच गावातील मोठ्या माणसास, किंवा स्वतः आपणांस, लागेल, ती तर मुळीच वगळू नये; कारण योहानाने तीच ओवी वगळली असती तर तो आपल्या बिछान्यावर मेला असता, परंतु मंडळीस त्याचा उपयोग झाला नसता. ज्याने आपले वचन दिले तो प्रभू ते उलगडण्याची बुद्धी आणि ते सांगण्याचे धैर्य आपणां सर्वांस देवो.