न पाहिलेल्या सातपुड्याचा कथाकार

पेंच, ताडोबा किंवा मेळघाटच्या वाटेवर बिबट्याच्या शोधात निघालेल्या पर्यटकाच्या मनात एक काळाकभिन्न बिबट्या आधीपासूनच वस्तीला असतो. त्याचे नाव बघिरा. ज्यांनी ‘द जंगल बुक’ वाचलेले नाही, त्यांनाही तो दूरदर्शनवरच्या मोगलीच्या मालिकेमुळे ठाऊक आहे. या बघिराचा निर्माता रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला आणि उमेदीची साडेसहा वर्षे त्याने भारतात पत्रकारिता केली. मात्र, ज्या सिवनीच्या जंगलात त्याने बघिराला फिरवले, तेथे तो कधीही गेला नाही. दृष्टीने अधू असलेल्या या लेखकाला बिबट्याविषयीची एक गोष्ट मात्र अचूक उमगली होती. हा प्राणी घडला आहे तो न दिसण्यासाठी.

वऱ्हाडाला किपलिंगचे हे कथाविश्व परके नाही. रुक्मिणीचे माहेर म्हणून वारकऱ्यांना वंदनीय असलेले अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी वसले आहे. हीच वर्धा पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. वैनगंगेचा उगम सिवनी जिल्ह्यातला. मोगली ज्या नदीकाठी वाढला, ती ही वैनगंगा. जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटात सातपुड्याच्याच रांगा आहेत, तर अमरावती शहरालगतच्या पोहरा-मालखेडच्या जंगलातही बिबट्याचा वावर आहे.

मुंबईतले बालपण

किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे जे. जे. कला विद्यालयात शिल्पकलेचे अध्यापक होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उठावशिल्पांची रचना त्यांचीच. लहानग्या रुडयार्डचा दिवस आया आणि नोकराच्या सहवासात जाई. सकाळी आयाचे बोट धरून फळबाजारात फेरफटका, दुपारी तिच्याकडून गोष्टी, असा हा क्रम होता. इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी त्याच्या तोंडी अधिक सहजपणे येत असे.

हे सुख 1871 मध्ये संपले. तत्कालीन इंग्रज कुटुंबांच्या रिवाजानुसार त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमधील साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. तेथील सुमारे सहा वर्षे त्याने छळात काढली. याच काळात त्याची नजर झपाट्याने अधू होत गेली. पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. अभ्यासात मागे पडतो म्हणून त्याला शिक्षा मात्र होत राहिली. अखेर 1877 मध्ये आई आली, मुलांना तिने तेथून सोडवले आणि त्याच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा चढला. तो आयुष्यभर उतरला नाही.

उदयपूरचा पिंजरा

शालेय शिक्षण आटोपून किपलिंग 1882 मध्ये, सतराव्या वर्षात असताना भारतात परतला. लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये उपसंपादक आणि 1887 पासून अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये, असा त्याचा वृत्तपत्रीय प्रवास झाला. ‘पायोनियर’साठी त्याने राजपुतान्याचा दौरा केला. या दौऱ्यात उदयपूरच्या दरबारी बागेतील पिंजऱ्यात त्याने एक काळा बिबट्या पाहिला आणि आपल्या प्रवासलेखात त्याची नोंद केली.

पुढे बघिराची जन्मकथा रचताना हा पिंजरा त्याच्या कामी आला. बघिरा उदयपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मला, त्याची आई तेथेच मेली आणि एके दिवशी पंजाच्या फटक्याने कुलूप तोडून तो जंगलात आला, अशी ही कथा आहे. त्याच्या हनुवटीखाली पट्ट्याचा व्रण अजून आहे. माणसाची रीत त्याला कळते ती यामुळेच. मोगलीला लांडग्यांच्या कळपात घ्यावे म्हणून तो एका बैलाची किंमत मोजतो, हा या कथेतील कळीचा प्रसंग.

बघिरा हे नावही इथलेच आहे. हिंदी मुलखात बिबट्याला ‘बघेरा’ म्हणतात.

बर्फात लिहिलेले जंगल

किपलिंगने 1889 मध्ये भारत सोडला. 1891 च्या अखेरीस तो लाहोरला अल्पकाळ येऊन गेला. त्यानंतर या देशात त्याचे पाऊल पडले नाही. 1892 मध्ये कॅरोलिन बालेस्टियर हिच्याशी विवाह करून तो अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो गावी स्थायिक झाला. घराबाहेर बर्फाचे ढीग साचलेले असताना त्याने सातपुड्यातील उन्हाळ्याच्या, आटलेल्या पाणवठ्यांच्या आणि सागवानी जंगलाच्या गोष्टी लिहिल्या. ‘द जंगल बुक’ 1894 मध्ये आणि दुसरा भाग 1895 मध्ये प्रसिद्ध झाला.

न पाहिलेले जंगल त्याने उभे केले ते ऐकीव आणि वाचीव माहितीवर. अलाहाबादला तो ज्या हिल दांपत्याकडे राहिला होता, ते सिवनी परिसरात फिरून आले होते. रॉबर्ट स्टर्नडेल याचे सातपुड्यातील मुक्कामांवरचे पुस्तक 1877 मध्येच प्रसिद्ध झाले होते. वडिलांचे प्राणिज्ञानही दांडगे होते. कथेच्या आरंभीच्या खर्ड्यात घटनास्थळ अरवलीचे डोंगर होते. ते बदलून सिवनी आले, पण बघिराचे जन्मस्थान उदयपूरच राहिले.

तरीही बिबट्याचे चित्रण फसले नाही. काळा बिबट्या ही वेगळी जात नसून आनुवंशिक रंगभेदामुळे सामान्य बिबट्यालाही काळे पिल्लू होऊ शकते. त्या काळ्या अंगावरही ठिपके असतात आणि विशिष्ट उजेडात ते दिसतात, हे किपलिंगने नेमके टिपले आहे. असे बिबटे दाट, ओलसर अरण्यात अधिक आढळतात. मध्य भारताच्या कोरड्या जंगलात ते विरळा. मात्र, 2018 मध्ये ताडोबात पर्यटकांनी काळ्या बिबट्याची छायाचित्रे टिपली, तेव्हा वाचकांना बघिरा आठवला, यात नवल नव्हते.

आफ्रिकेतील सुट्ट्या

बिबट्याशी किपलिंगची दुसरी गाठ पडली ती दक्षिण आफ्रिकेच्या निमित्ताने. थोरली मुलगी जोसेफीन 1899 मध्ये न्यूयॉर्क येथे न्यूमोनियाने वारली. ती अवघी सहा वर्षांची होती. या आघातानंतर सेसिल ऱ्होड्सने केपटाऊनजवळ दिलेल्या ‘वूलसॅक’ या घरात 1900 च्या अखेरीपासून 1908 पर्यंत किपलिंग कुटुंब दरवर्षी इंग्लंडमधील हिवाळ्याचे दिवस घालवू लागले. शेजारीच ऱ्होड्सचे खासगी प्राणिसंग्रहालय होते. आईने नाकारलेला सिंहाचा एक छावा किपलिंगच्या पत्नीने काही काळ घरी सांभाळला होता.

जोसेफीनला झोपवताना सांगितलेल्या गोष्टींतून आकाराला आलेला ‘जस्ट सो स्टोरीज’ हा संग्रह 1902 मध्ये आला. शब्द बदललेला तिला खपत नसे. गोष्ट अगदी तशीच सांगावी लागे. शीर्षक त्यावरून पडले. या संग्रहात बिबट्याला ठिपके कसे मिळाले, याची कथा आहे. उघड्या माळावर पिवळ्याधमक बिबट्याची शिकार चुकत नसे. जिराफ आणि झेब्रा जंगलात पळाले आणि तेथील ऊनसावलीत पट्ट्या-ठिपक्यांनी झाकले गेले. बिबट्या उपाशी राहू लागला. तेव्हा त्याच्या इथिओपियन साथीदाराने पाच बोटांचे ठसे त्याच्या अंगावर उमटवले आणि तोही सावल्यांत मिसळला. बिबट्याच्या अंगावरील पाकळ्यांसारख्या ठिपक्यांच्या पुंजक्यांचा हा कथारूप खुलासा.

एका शतकानंतर ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न शास्त्राच्या कसोटीवर घासला. मार्जारकुळातील विविध प्राण्यांच्या अंगावरील नक्षी त्यांनी तपासली. झाडीत राहणाऱ्या, झाडांवर वावरणाऱ्या आणि अंधुक उजेडात हिंडणाऱ्या प्राण्यांची नक्षी अधिक गुंतागुंतीची असते, असा निष्कर्ष त्यांनी 2010 मध्ये मांडला. बोटांचे ठसे ही कल्पना होती. ऊनसावलीचे कारण खरे निघाले.

मोटारीचेही किपलिंगला विलक्षण वेड होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने वाफेवर चालणारी लोकोमोबाइल घेतली. ती वाटेत वारंवार बंद पडे. पुढे रोल्स-रॉइस आली. तो स्वतः सहसा गाडी चालवत नसे. मात्र दौऱ्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवत असे. आज ज्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात लोक स्वतःची मोटार हाकत बिबट्या शोधतात, ते 1926 मध्ये स्थापन झाले आणि पर्यटकांच्या पहिल्या तीन मोटारी तेथे 1927 मध्ये शिरल्या. तोवर किपलिंगच्या आफ्रिकेतील सुट्ट्या संपून दोन दशके होत आली होती. त्या मुलखाशी त्याचा एक धागा मात्र आहे. पर्सी फिट्झपॅट्रिक मुलांना सांगत असलेल्या, तेथील बैलगाड्यांच्या वाटांवर हिंडणाऱ्या जॉक या कुत्र्याच्या गोष्टी लिहून काढाव्यात, असा आग्रह किपलिंगनेच धरला. ते पुस्तक 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वयाच्या अवघ्या 41 व्या वर्षी किपलिंगला साहित्याचे नोबेल मिळाले.

न दिसलेले

जंगलातील सावल्या कल्पनेने हेरणाऱ्या या लेखकाला माणसांच्या जगातले बरेच काही दिसले नाही. साम्राज्यावरील त्याचा विश्वास कधी ढळला नाही. बिबट्याच्या त्या गोष्टीतही कृष्णवर्णीयांसाठी एक अवमानकारक शब्द होता. पुढील अनेक आवृत्त्यांत तो गाळावा लागला. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी ‘मॉर्निंग पोस्ट’ने उभारलेल्या निधीला त्याने पैसे दिले. ज्या देशाने त्याला भाषा आणि गोष्टी दिल्या, त्या देशाला ही गोष्ट विसरता येण्याजोगी नव्हती.

याची किंमत त्याच्या घरानेही मोजली. एकुलता मुलगा जॉन वडिलांसारखाच दृष्टीने अधू होता. पहिल्या महायुद्धात सैन्याने त्याला नाकारले, तेव्हा किपलिंगने लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारीपद मिळवून दिले. सप्टेंबर 1915 मध्ये लूसच्या लढाईत जॉन बेपत्ता झाला. तो नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. आई-वडिलांनी वर्षानुवर्षे शोध घेतला, पण त्यांच्या हयातीत देह सापडला नाही. किपलिंगने 1917 पासून युद्धातील मृतांच्या दफनभूमींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगावर काम केले. 18 जानेवारी 1936 रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा रक्षाकलश आहे.

ताडोबा आणि पेंचच्या गाभा क्षेत्रातील सफारीसाठी आपली मोटार नेता येत नाही. नोंदणीकृत जिप्सी आणि मार्गदर्शक घ्यावा लागतो. क्रूगरमध्ये चाक आपल्या हाती असते. शोधण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच. गाडी सावकाश न्यावी, आडव्या फांद्या आणि नाल्यांच्या कडा न्याहाळाव्यात आणि कान उघडे ठेवावेत. आपल्याकडे बिबट्याची वर्दी बहुधा वानरांच्या खाकरण्याने मिळते. किपलिंगने मोगलीच्या कथांत या वानरांना उथळ ठरवून हिणवले. पण बिबट्याच्या ठिपक्यांच्या गोष्टीत शहाणपणाचा सल्ला दिला तो एका बबून माकडानेच. वानर ओरडत असूनही समोर काहीच दिसत नसेल, तर बिबट्या नाही असे समजू नये. बहुधा तो तेथेच असतो आणि पाहणाऱ्याकडे पाहत असतो.